अण्णांची पायपेटी आणि काळी चार

गेल्या शनिवारी उमरीला जाऊन आलो. शुक्रवारी संध्याकाळी स्टेटस कॉल संपला न संपला तोच लॅपटॉप मिटला, सॅक पाठीला लावली आणि नांदेडची ट्रॅव्हल्स पकडली. रात्रभर मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. सकाळी नांदेड, तिथून पॅसेंजर, आणि साडेनऊला उमरी स्टेशन.

"उमरी कुठं आली?" हा प्रश्न मला पुण्यात अजून आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. तर नांदेडहून सिकंदराबादकडे जाताना मुदखेडच्या पुढे आणि धर्माबादच्या अलीकडे. इतिहासाची आवड असलेल्यांना दुसरी खूण सांगतो : ३० जानेवारी १९४८ रोजी, म्हणजे दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, हैदराबाद मुक्तिसंग्रामातल्या मंडळींनी निजामाच्या राज्यातली जी बँक लुटली ती उमरीची. आणि भाविकांना तिसरी खूण : दासगणू महाराजांचं गोरटं आमच्याच तालुक्यात. या तिसऱ्या खुणेशी आमच्या घराचा संबंध आहे. माझे आजोबा तिथं पेटी वाजवायचे.

आजोबांना घरीदारी सगळेच अण्णा म्हणायचे. नोकरी जिनिंगमध्ये मुनीम म्हणून. दिवसभर कापसाच्या गाठींचा हिशोब आणि संध्याकाळी पेटी. परवा त्यांना जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध शुक्रवारीच झालं होतं. माझी रजा मंजूर झाली नाही (रिलीज होता, आमच्याकडे कायमच रिलीज असतो), त्यामुळे मी पोचलो तो शनिवारच्या कार्यक्रमाला. अण्णांच्या आठवणीसाठी घरच्या ओसरीवर पेटीची बैठक ठेवली होती. वाजवणार होते अण्णांचे जुने विद्यार्थी, धर्माबादचे. ते बँकेतून रिटायर झालेत, आम्ही त्यांना सर म्हणतो. आणि वाजणार होती अण्णांची पायपेटी.

पायपेटी म्हणजे ऑर्गन. 'ऑर्गन' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इंग्रजी सिनेमातलं चर्च येतं, भिंतभर उभे पाइप आणि अंगावर येणारा आवाज. तो पाइप ऑर्गन. मुंबईत फोर्टात सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये तो आहे. त्यात प्रत्येक स्वराला वेगळा पाइप लागतो आणि हवा पाइपातून जाते तेव्हा तो बासरीसारखा बोलतो. ३२ फुटी पाइपाचा सगळ्यात खालचा स्वर सेकंदाला जेमतेम १६ कंपनांचा, म्हणजे कानापेक्षा बरगड्यांनाच जास्त ऐकू येणारा. सगळ्यात लहान पाइप मात्र पेन्सिलीएवढे.

मराठी संगीत नाटकात जो ऑर्गन आला तो या घराण्यातला गरीब भाऊ. त्यात पाइप नसतात, पितळेच्या पट्ट्या असतात, म्हणजे आपल्या पेटीतले सूर. दोन्ही पायांनी भाता चालवायचा आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे. आपली पेटी हवा बाहेर ढकलते आणि अमेरिकन पद्धतीचा ऑर्गन हवा आत ओढून घेतो. त्यामुळे त्याचा आवाज पेटीपेक्षा गोल आणि मऊ लागतो. (हा 'आत ओढून घेतो' भाग लक्षात ठेवा, पुढे माझी फजिती याच्यावरच झालीय.) अमेरिकेत व्हरमाँट राज्यातल्या ब्रॅटलबरो नावाच्या गावात एस्टी नावाच्या एकाच कंपनीने असे पाच लाखांवर ऑर्गन बनवले. तिकडे ते घराघरात आणि लहान चर्चमध्ये गेले. इकडे आपल्या लोकांनी ते रंगमंचासमोर ठेवले आणि त्यावर नाट्यपदं वाजवली. बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे, तबल्यावर थिरकवाँसाहेब आणि सारंगीवर कादरबक्ष. ही तीन नावं अण्णा एका श्वासात घ्यायचे, जसे आपण ओपनिंग बॅट्समनची नावं घेतो.

अण्णांचा ऑर्गन हैदराबादच्या एका मिशन शाळेने मोडीत काढलेला. १९६८ साली साडेतीनशे रुपयांना घेतला आणि मीटरगेजच्या गाडीच्या ब्रेकव्हॅनमधून उमरीला आणला. स्टेशनवर उतरवताना हमालांनी विचारलं म्हणे, "कपाट हाय का?" घरी आल्यावर आजीनेही तेच विचारलं, फक्त आवाज वेगळा होता.

आता अण्णांच्या वाजवण्याबद्दल. ते आयुष्यभर साथीदारच राहिले. गोरट्याच्या उत्सवात, आसपासच्या गावांत, सप्ताहात, नारदीय कीर्तनाला. लहानपणी त्यांनी खुद्द दासगणू महाराजांना ऐकलं होतं असं ते सांगायचे (महाराज गेले १९६२ साली). पुढे अनंतराव आठवल्यांची, म्हणजे नंतरच्या स्वामी वरदानंद भारतींची कीर्तनंही ऐकली. पण एकट्याने पेटी वाजवायला त्यांना कुणी बोलावलं नाही, आणि त्यांनीही कधी तसं म्हटलं नाही. तशीही पेटीला आपल्याकडे मान उशिराच मिळाला. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली होती. पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, बारा स्वर एकदा बसवले की बसवले, असा आक्षेप. १९७१ साली साथीपुरतं दार किलकिलं झालं. म्हणजे अण्णांच्या उमेदीच्या काळात त्यांचं वाद्य रेडिओवर चालत नव्हतं. कॅसेटच्या जमान्यात मग त्यांनी भरपाई केली. भीमसेन जोशींची कॅसेट लावायची आणि ऐकायची मागची अप्पा जळगावकरांची पेटी. अप्पा आपल्या मराठवाड्याचे, जालन्याकडचे, याचा त्यांना कोण अभिमान! "भीमसेन ऐकायला समदं जग हाय रे. अप्पाला कोण ऐकंल?"

शाळेत असताना ते मला नांदेडला संगीत शंकर दरबारला घेऊन जायचे. शंकरराव चव्हाणांच्या स्मरणार्थ फेब्रुवारीत यशवंत महाविद्यालयाच्या मैदानावर हा महोत्सव होतो. हजारो माणसं, मोठमोठे कलाकार. सगळे गायकाकडे बघायचे आणि अण्णा पेटीवाल्याच्या बोटांकडे. मधेच "हं!" असा एक आवाज काढायचे. आजूबाजूचे वळून बघायचे, कारण गायकाने त्या क्षणी काहीच केलेलं नसायचं, तो पाणी पीत असायचा. केलेलं असायचं पेटीवाल्याने. मला भयंकर लाज वाटायची. वय तसं होतं.

मधे एक गोष्ट बर्मिंगहॅमची सांगायला हवी. तीन वर्षांपूर्वी मी सहा महिने ऑनसाइट होतो. तिथल्या टाउन हॉलमध्ये १८३४ सालचा प्रचंड पाइप ऑर्गन आहे. पण मी ऐकला तो तिथला नव्हे, तर राहत होतो त्या भागातल्या एका साध्या चर्चमधला. दारावर कागद होता : इथे चाळीसेक वर्षं ऑर्गन वाजवणारे गृहस्थ वारले, त्यांच्या स्मरणार्थ वादन, प्रवेश खुला. शनिवार होता, पाऊस होता, प्रवेश फुकट होता. गेलो.

साठ-सत्तर माणसं, बहुतेक पिकल्या केसांची. सगळ्यांची तोंडं वेदीकडे आणि ऑर्गन आमच्या मागे, वर माडीवर. वाजवणारा दिसतच नाही! पहिला तुकडा संपला, शेवटचा स्वर छताखाली घुमत राहिला, आणि मी आपला संस्काराप्रमाणे टाळ्या वाजवल्या. एकट्याने. पुढच्या बाकावरची दोन डोकी वळली. मी हात मांडीखाली घातले. पुढचा पाऊण तास कुणी खोकलंसुद्धा नाही. सगळं संपल्यावर मात्र लोक उभे राहिले, मागे वळले, माडीकडे तोंडं केली आणि केवढा तरी वेळ टाळ्या वाजवत राहिले. नंतर चहा होता. एका आजीबाईंनी मला बिस्किटं पुढे केली आणि सांगितलं, की इतकी वर्षं आम्ही त्यांना ऐकलं, पण वाजवताना त्यांचा चेहरा कधी पाहिला नाही. शेवटचा स्वर ते किती लांबवतात त्यावरून आम्ही ओळखायचो, आज स्वारी खूश आहे की नाही.

त्या रात्री अण्णांना फोन करून सगळं सांगितलं. टाळ्यांची फजिती ऐकून ते खूप हसले. मग गप्प झाले. मग म्हणाले, "पण मधी कुणी काहीच बोलत नसंल, तर वाजवणाऱ्याला कळायचं कसं?"

मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला तरी कोण बोलायचं? कीर्तनात लोक दाद देतात ती बुवांना."

"मला बुवाची पाठच दिसायची," ते म्हणाले. "बुवा म्होरं हुभे, आपण मागं बसल्यालो. पण एखादी जागा बरी पडली ना, की बुवा बोलता बोलता जरा मान वळवायचे. एवढंच. लोकायला कळायचं बी नाही. तेवढ्यावर मी पंधरा दिवस काढायचो."

मी "हो का" म्हटलं आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी डिप्लॉयमेंट होतं.

आता माझी फजिती. शनिवारी सकाळी घरी पोचलो. अंघोळ, चहा, अण्णांच्या फोटोला नमस्कार. घरात बायकांची स्वयंपाकाची धांदल, बाबा सतरंज्या आणायला गेलेले. मला काही काम नाही. ऑर्गनवरची चादर काढली तर वर्षभराची धूळ. आपण इंजिनिअर माणूस, म्हटलं चला, अण्णांच्या ऑर्गनची सर्व्हिसिंग करू. पुण्याहून लॅपटॉप साफ करायचा छोटा ब्लोअर आणला होता. मागची फळी उघडली आणि फुर्र करून सगळी धूळ उडवली. पट्ट्या पुसल्या. चकाचक! बाबा आल्यावर त्यांना दाखवलंसुद्धा. सूर एकेक करून तपासायचं मात्र राहिलं. टेस्टिंग न करता थेट प्रॉडक्शन. :)

संध्याकाळी सात वाजता बैठक सुरू झाली. चाळीसएक माणसं असतील. थंडीचे दिवस, त्यामुळे मफलर, शाली, कानटोप्या. गोरट्याचे चार-पाच जण, जिनिंगमधले जुने लोक, शेजारच्या बायका, मागे भिंतीला टेकून अण्णांच्या वयाचे एक शिंपीकाका, जे पन्नास वर्षं अण्णांच्या प्रत्येक कार्यक्रमाला मागच्या भिंतीलाच टेकून बसत आलेत. आमच्या पिढीचे आम्ही तिघं-चौघं, हातात मोबाइल. मी रेकॉर्डिंग करत होतो. ऑर्गन असा ठेवला होता की सर एका बाजूने दिसत होते. समोर तबलजी, मधे इलेक्ट्रॉनिक तानपुरा.

सरांनी पांढरी एक घेतली आणि यमन सुरू केला. पहिली पाच मिनिटं नुसते लांब स्वर. पायाने भात्याचा दाब कमी-जास्त करून एकाच स्वराला मोठं करायचं, लहान करायचं. पेटीला मींड नसते हे खरं, पण श्वास असतो हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. लोक हळूहळू आत येत गेले. दाद किती प्रकारची असते बघा. एकजण डोळे मिटून नुसती मान हलवतो. एकजण जीभ टाळूला लावून 'च्च' करतो, वाईट वाटल्यासारखा. एकाचा हात आपोआप वर उठतो आणि समेवर मांडीवर पडतो. बायका एकमेकींकडे बघतात. "वा" म्हणणारे तर फार थोडे.

यमन झाला, एक अभंग झाला, आणि सरांनी जोगिया धरला. धैवतावर आले आणि... काहीच नाही. बोट खाली गेलं, पट्टी खाली गेली, आवाज नाही. सरांनी पुन्हा दाबली. नाही. मधल्या सप्तकातली काळी चार मुकी झाली होती. माझ्या पोटात खड्डा पडला. सकाळच्या ब्लोअरने उडवलेला कचरा कुठेतरी आत बसला होता. सूर तपासले असते तेव्हा तो पट्टीपर्यंत पोचला असता की नसता कोण जाणे, पण तास-दीड तास भाता चालल्यावर ऑर्गनने आपल्या स्वभावाप्रमाणे त्याला आत ओढून घेतलं होतं. पांढऱ्या एकातून वाजवताना काळी चार म्हणजे कोमल धैवत. जोगियाचा तर जीवच तिथे.

सर थांबले नाहीत. दोन-तीन वेळा धैवताची जागा खालच्या सप्तकातून घेतली, एकदा तिथे येऊन पंचमावरच परतले, आणि जोगिया थोडक्यात आवरला. लोकांना वाटलं, एवढाच वाजवायचा असेल. मागून फर्माईश आली, "सर, भैरवी होऊ द्या, अण्णांची." भैरवीतही कोमल धैवत लागतोच. मी मनातल्या मनात म्हटलं, संपलं.

सरांनी तबलजीकडे वाकून काहीतरी सांगितलं. तानपुऱ्याचं बटण फिरवलं. तबलजीने हातोडी काढली, गट्टे ठोकायला लागला. ठक ठक ठक. लोकांनी पाय मोकळे केले, कुणी पाणी मागितलं, कुणाचा तरी फोन वाजला. मी सरांच्या बोटांकडे बघत होतो. बोट पांढऱ्या एकावरून उचललं गेलं आणि पांढऱ्या दोनवर बसलं. षड्ज बदलला! मी बोटांवर मोजून बघितलं. पांढरी दोन षड्ज धरली तर काळी चार होते तीव्र मध्यम. आणि शुद्ध भैरवीत तीव्र मध्यम नसतोच. मुकी पट्टी जागच्या जागीच होती, पण आता तिच्याकडे जायचं कामच उरलं नव्हतं. मी इतकी वर्षं वर्कअराउंड लिहितोय, इतका सुंदर वर्कअराउंड पाहिला नव्हता.

भैरवी सुरू झाली. पहिली ओळ समेवर आली, लोकांनी "वा" म्हटलं. आणि मागच्या भिंतीकडून शिंपीकाकांचा आवाज आला, मोठा नाही, स्वतःशीच बोलल्यासारखा :

"वा रे पठ्ठ्या! दुखऱ्या दाताला जीभ लावला नाही."

वाजवता वाजवता सरांनी मान वळवली. थोडीशीच. भिंतीकडे बघितलं आणि पुन्हा पट्ट्यांकडे. चाळीस माणसांत बहुधा तिघांनाच कळलं असेल काय झालं ते : सर, शिंपीकाका आणि मी. आणि मी मोबाइल खाली ठेवला. कारण मला अण्णा फोनवर काय सांगत होते ते तीन वर्षांनी आत्ता कळत होतं.

त्याच्याबरोबर दुसरंही आठवलं, जे मी आतापर्यंत टाळत होतो. मागच्याच्या मागच्या दिवाळीत अण्णा याच ऑर्गनवर वाजवत बसले होते. घरात आम्ही दोघंच. मी कोपऱ्यात हेडफोन लावून कॉलवर. त्यांनी काहीतरी वाजवलं, संपवलं आणि वर बघितलं, माझ्याकडे. भुवया उंचावून, 'कसं काय?' अशा अर्थाने. मी हेडफोन न काढता अंगठा वर केला. जसा आपण ग्रुपवर 'नोटेड' म्हणून टाकतो तसा. ते हसले. ऑर्गनवर चादर घातली आणि आत गेले. त्यानंतर तीन महिन्यांनी अण्णा गेले. त्यांनी काय वाजवलं होतं हे मला आजही माहीत नाही. अंगठ्यात ते कुठून असणार?

बैठक संपली. शेवटी टाळ्या झाल्या, भरपूर झाल्या. सरांना शाल-श्रीफळ दिलं. जेवणं सुरू झाली. मी सरांजवळ जाऊन कबूल केलं, "सर, सकाळी मीच साफ केला होता. ब्लोअरने." सर वरणभात कालवत म्हणाले, "तरीच म्हटलं. अण्णा कधी फुंकत नव्हते. नुसतं पुसायचे." एवढंच. मग म्हणाले, "पट्टी काढून कापडानं पूस. घासू नको. सूर उतरंल." शिंपीकाकांना मी घरी सोडायला गेलो. वाटेत विचारलं, काका, तुम्हाला कसं कळलं? तुम्ही पेटी शिकलात का? "नाही बा," ते म्हणाले. "पन्नास वर्षं ऐकूलालोय. मशीनची सुई मोडली तर तुला आवाजावरून कळंल का? मला कळतंय."

रविवारी सकाळी ऑर्गन उघडला. सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून आकडा केला आणि काळी चारची पितळी पट्टी ओढून काढली. मधल्या फटीत लाकडाची बारीक ढलपी अडकली होती, नखाएवढीसुद्धा नाही. काढली, मऊ कापडाने पट्टी पुसली, जागेवर सरकवली. भाता दिला, काळी चार दाबली. बोलली!

मग एकेक करून सगळे सूर तपासले, या वेळी खरोखर सगळे. आणि मग, मला जे काही थोडंफार येतं, अण्णांनी सहावी-सातवीत शिकवलेलं, ते वाजवून बघितलं. चुकत, थांबत, लय सोडून. बाबा ओसरीवर पेपर वाचत होते. बाबांना गाण्यातलं काही कळत नाही असं आमच्या घरात सगळे म्हणतात, अण्णाही म्हणायचे. एक जागा मला अनपेक्षितपणे बरी जमली. पेपरच्या मागून आवाज आला,

"हं."

पेपर खाली आला नाही. मीही काही बोललो नाही. तीच जागा पुन्हा घ्यायला गेलो तर जमली नाही.

ऑर्गनचं पुढं काय करायचं हा प्रश्न घरात आहेच. घर पाडून बांधायचं चाललंय, काका म्हणतात धर्माबादला सरांकडे पाठवू, आई म्हणते राहू दे. पाडव्याला सगळे जमू तेव्हा ठरवू असं ठरलं. तोपर्यंत ब्लोअर मी पुण्याला परत आणलाय. शनिवारचं रेकॉर्डिंगही ऐकलं. त्यात भैरवीच्या आधीची हातोडीची ठकठक आहे, कुणाच्या तरी फोनची रिंगटोन आहे, पण शिंपीकाकांचं वाक्य नाही. मोबाइलच्या माइकपर्यंत ते पोचलंच नव्हतं.

असो. उद्या सोमवार. नऊला स्टँडअप.